टीबी मानेतही होतो: सरकारी उपचारांचा माझा अनुभव

टीबी म्हणजे खोकला, थुंकीतून रक्त आणि खंगत गेलेला माणूस, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला खोकला नव्हताच. संध्याकाळी अंग जरा कोमट व्हायचं, पण थर्मामीटर शोधावा असं काही वाटायचं नाही. वजन उतरलं होतं, त्याचं मला खरं तर बरंच वाटत होतं. आणि डाव्या कानाच्या खाली, मानेवर, सुपारीएवढी गाठ आली होती. ती दुखत नव्हती, म्हणून तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहिते. राहायला तासगाव रस्त्यावरच्या एका गावात. हळदीचे सौदे सुरू झाले की यार्डात धुळीनं सगळ्यांचेच घसे बसतात, त्यामुळे गाठही घशाच्या दुखण्यातूनच आली असणार असं आमच्या गावातल्या डॉक्टरांनी धरलं आणि अँटिबायोटिकचा कोर्स दिला. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मानेतल्या बहुतेक गाठी साध्याच असतात आणि अशा कोर्सनं बसतात. माझी बसली नाही. दोन आठवडे उलटले आणि शेजारी दुसरी, हरभऱ्याएवढी, हाताला लागायला लागली.

आज्जीनं मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ही गंडमाळ हाय." मानेतल्या गाठींच्या टीबीचं हे जुनं नाव. ती लेप लावायला बसली होती, आईनं तिला अडवलं. आज्जीच्या एका चुलत्याला वॉनलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये महिनोन् महिने ठेवलं होतं. सांगली-मिरजेकडच्या जुन्या माणसांना टीबी म्हटलं की अजून तेच आठवतं: लांबलचक व्हरांडा, ओळीनं मांडलेल्या खाटा, आणि घरच्यांनी लांबूनच बघून परत यायचं. आईच्या मनातली भीती तिथूनच आलेली होती, हे मला नंतर कळलं.

गावातल्या डॉक्टरांनीच मग सांगलीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सोनोग्राफी झाली, मग गाठीत बारीक सुई घालून पाणी काढलं. याला एफएनएसी म्हणतात. ऐकताना भीती वाटते, पण रक्त तपासायला देताना दुखतं त्याहून थोडंसंच जास्त. रिपोर्टमध्ये 'ग्रॅन्युलोमा' आणि 'नेक्रोसिस' असे शब्द होते. डॉक्टर म्हणाले, चित्र टीबीचं दिसतंय, पण जंतू सापडला पाहिजे, आणि मुख्य औषध त्याच्यावर चालतं का हेही कळलं पाहिजे. त्यासाठी सीबीनॅट नावाची तपासणी लागते. तिच्यात टीबीचा जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन त्याला लागू पडतं का, या दोन्ही गोष्टी एकदमच कळतात.

इथं घोळ झाला. खाजगी लॅबनं सुईतून काढलेलं सगळं काचेच्या पट्ट्यांवर पसरून रंगवून टाकलं होतं. सीबीनॅटसाठी त्यातलं थोडं साध्या सलाइनमध्ये वेगळं ठेवावं लागतं. ते ठेवलंच नव्हतं. म्हणजे पुन्हा सुई. ज्यांच्या घरात कुणाच्या गाठीची अशी तपासणी व्हायची असेल त्यांनी सुई घालण्याआधीच विचारावं, "सीबीनॅटसाठी सलाइनमध्ये सॅम्पल ठेवणार ना?" आणि गाठीचा तुकडा काढणार असतील तर तो सगळाच्या सगळा फॉर्मेलिनच्या बाटलीत जाऊ देऊ नये. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग त्याची वाढ करून बघता येत नाही. हे सांगायला पेशंटला का लागावं, हा प्रश्न बरोबर आहे. पण विचारलेलं बरं.

दुसऱ्यांदा सुई सिव्हिलमध्ये घातली. केस पेपर काढायची रांग, मग क्षयरोग विभागाची खोली, मग पॅथॉलॉजी, परत क्षयरोग विभाग. पाट्या आहेत, पण त्यांच्यापेक्षा सफाई करणाऱ्या मावशी जास्त अचूक रस्ता सांगतात. सीबीनॅटचं मशीन दोन तासांत उत्तर देतं, असं तिथल्या टेक्निशियननं अभिमानानं सांगितलं. रिपोर्ट हातात यायला मात्र मशीनबाहेरचा वेळ लागतोच. जंतू सापडला, आणि रिफाम्पिसिन चालणार होतं. टेक्निशियन म्हणाला, नशीब समजा, गाठीत जंतू फार थोडे असतात, कधीकधी टीबी असूनही मशीनला सापडत नाही. मग डॉक्टरांना बाकीच्या खुणांवरून ठरवावं लागतं. या सगळ्याला एक रुपया लागला नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे रिपोर्ट घेऊन गेले तर त्यांनी पहिल्यांदा माझी नोंद सरकारी पोर्टलवर केली. मला वाटलं, आपण यांच्याकडे पैसे देऊन आलोय, सरकारला कशाला कळवायचं? पण २०१२ पासून टीबीचा प्रत्येक पेशंट सरकारला कळवणं खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. त्या नोंदीचा एक नंबर मिळतो, निक्षय आयडी. डॉक्टरांनी सांगितलं, माझ्याकडे उपचार चालू ठेवले तरी गोळ्या सरकारी फुकट मिळू शकतात. नाहीतर गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंद फिरवून घ्या. पेशंट दुसऱ्या गावाला गेला तरी तोच आयडी तिथं चालतो. ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या माणसाच्या दृष्टीनं ही मोठी सोय आहे, आणि ती फार जणांना माहीत नसते. लोक गाव सोडताना गोळ्याही सोडून जातात.

आई खाजगीच्या बाजूनं होती. कारण औषधाचं नव्हतं. आरोग्य केंद्रात गेलं की गावाला कळणार. माझं लग्नाचं बघणं चालू होतं. मी आरोग्य केंद्र निवडलं ते शौर्य म्हणून नाही. सांगलीच्या दवाखान्यात दर वेळी अर्धा दिवस जायचा आणि हंगामात मालक रजा देत नाहीत, एवढं साधं कारण.

तिथं पहिल्या दिवशी छातीचा एक्स-रे झाला आहे का ते बघितलं, रक्तातली साखर आणि एचआयव्हीची तपासणी केली. एचआयव्हीचं नाव ऐकून आईचा चेहरा उतरला. सिस्टरनी शांतपणे सांगितलं की ही प्रत्येक टीबी पेशंटची करतात, तुमच्या पोरीवर संशय नाही. साखरेचं कारणही मला तिथंच कळलं: मधुमेह असलेल्या माणसाला टीबी होण्याचा धोका जास्त असतो. मग वजन. ४६ किलो. गोळ्या वजनावर ठरतात, हे मला माहीत नव्हतं. ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ ला चार. एका गोळीत चार औषधं असतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. दोन महिने ही, मग चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन औषधांची. सगळ्या गोळ्या एकदमच घ्यायच्या, रोज ठरलेल्या वेळी. पूर्वी हे औषध आठवड्यातून तीनदा, आरोग्य केंद्रात समोर बसवून द्यायचे, ते बदलून रोजचं झालंय. गावात मात्र अजून सगळे 'डॉट्सच्या गोळ्या'च म्हणतात.

सकाळी उपाशीपोटी गोळ्या घेतल्या आणि तासाभरानं लघवी शेंदरी लाल झाली. सिस्टरनी आधी सांगितलं नसतं तर मी त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या असत्या. हा रिफाम्पिसिनचा रंग, त्यानं काही बिघडत नाही. घाम आणि डोळ्यातलं पाणीही रंगू शकतं, म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी जपावं. लग्न झालेल्या बायकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट सिस्टरनी आवाज खाली करून सांगितली, खरं तर ती मोठ्यानं सांगायला हवी: गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर रिफाम्पिसिनमुळे त्यांचा भरवसा राहत नाही, दुसरा काही उपाय विचारून घ्या.

मळमळीनं पहिले काही आठवडे वाईट गेले. सकाळचा चहासुद्धा नको व्हायचा. डॉक्टरांना विचारून मी थोडं खाऊन मग गोळ्या घ्यायला लागले, तेव्हा निभावलं. गुडघे आणि घोटे दुखायचे, तो पायराझिनामाइडचा प्रताप. हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून बी-६ ची एक गोळी वेगळी होती. डोळे किंवा त्वचा पिवळी दिसली, भूक पूर्ण मेली, उलट्या थांबेनात, तर गोळ्या थांबवून ताबडतोब या, कारण लिव्हरवर ताण येतो, असं बजावलं होतं. आणि इथॅम्ब्युटॉलचा परिणाम डोळ्यांवर होऊ शकतो: लाल आणि हिरवा रंग फिका वाटायला लागला तर लगेच सांगायचं. आमच्या दुकानात अजून लाल रेघांच्या जाड वह्या आहेत. मालक संगणकावरच्या हिशेबाबरोबर त्याही लिहायला लावतात. रोज सकाळी वही उघडली की मी आधी ती लाल रेघ नीट लाल दिसते का ते बघायची. दोन हिशेब लिहायच्या त्या कटकटीचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

आता आशाताईंबद्दल, म्हणजे आमच्या गावातल्या आशा कार्यकर्तीबद्दल. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मला त्यांच्याबद्दल सुरुवातीला रागच होता. रोज फोन: "घेतल्या का गोळ्या?" रविवारीसुद्धा. रिकामी पाकिटं दाखवायला सांगायच्या, मोजायच्या. मी शिकलेली, नोकरी करणारी बाई. मला चौथीतल्या पोरीसारखं विचारतात याची चीड यायची. आईला वेगळी काळजी. आशाताई दारात दिसल्या की शेजारीण विचारणार, "तुमच्याकडं लहान मूल नाही, मग आशा कशाला येते?" यावर आशाताईंनीच तोडगा काढला. त्या आज्जीचं बीपी बघायला यायला लागल्या. आज्जीचं बीपी खरंच वाढलेलं निघालं आणि तिच्याही गोळ्या सुरू झाल्या, त्यामुळे खोटं बोलल्याचं पापही लागलं नाही.

दुसरा महिना संपता संपता राग ओसरला. ताप गेला होता, भूक परत आली होती, गाठ मऊ पडून लहान झाली होती. नेमकं तेव्हाच मनात यायला लागलं, आता काय झालंय आपल्याला? कशाला रोज हे लिव्हरला कष्ट? औषध सोडणारे बहुतेक जण याच टप्प्यावर सोडतात, असं आशाताईंनी सांगितलं. बरं वाटतं, पण अंगात थोडे जंतू उरलेले असतात, आणि अर्धवट औषधानं त्यातले चिवट तेवढे वाचून वाढतात. मग साध्या गोळ्या चालत नाहीत. हे सगळं मी गुगलवरही वाचलं होतं. पण गुगल रविवारी सकाळी फोन करत नाही. मी खाजगीत राहिले असते तर याच औषधाच्या याच गोळ्या मिळाल्या असत्या, डॉक्टरही हुशार होते. पण मी आठवडाभर गोळ्या घेतल्या नसत्या तर कुणालाही कळलं नसतं. सरकारी उपचारातली खरी किमतीची गोष्ट मला ही पाठपुराव्याचीच वाटते. आणि ती उभी आहे सहा महिन्यांच्या उपचारांमागे हजार रुपये मानधन मिळणाऱ्या बायकांच्या जिवावर. तेही वेळेवर मिळतं असं नाही, हे त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही, बोलता बोलता सांगितलं.

आमच्या घरच्यांचीही तपासणी झाली. फुप्फुसाबाहेरचा, गाठीचा टीबी एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, माझं ताटवाटी वेगळं करायची गरज नव्हती. तरीही घरात खोकणारं कुणी आहे का ते बघतात, कारण मला तो कुणाकडून तरी आलेला असणार. बाबांचा खोकला जुनाच, तंबाखूचा. त्यांना थुंकीसाठी दोन डब्या दिल्या; एक तिथंच, दुसरी सकाळी उठल्या उठल्या. बाबांनी डबीत नुसती लाळ भरून नेली, ती परत आली. तोंड धुऊन, दीर्घ श्वास घेऊन छातीतून खाकरून आलेला बेडका लागतो. नंतर दिला तो. काही निघालं नाही.

पैशांचं. निक्षय पोषण योजनेत टीबी पेशंटला खाण्यापिण्यासाठी पैसे मिळतात. २०१८ पासून महिना पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. सहा महिन्यांच्या उपचारांना तीन-तीन हजारांचे दोन हप्ते, थेट बँक खात्यात. माझा पहिला हप्ता आलाच नाही. गोळ्या घेऊन घेऊन वजन वाढायला लागलं तरी पोषणाचे पैसे वाटेतच. शेवटी तालुक्याचे टीबी सुपरवायझर, त्यांना सगळे एसटीएस म्हणतात, मोटरसायकलवरून आरोग्य केंद्रात आले असताना त्यांनी पोर्टल उघडून बघितलं. माझी बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती, पासबुकावर मात्र जुनाच आयएफएससी कोड छापलेला होता. बँकेत विचारलं तर "तुम्ही नवीन पासबुक घ्यायला हवं होतं." मागितल्याशिवाय ते देतही नाहीत. कोड दुरुस्त झाल्यावर पैसे आले. तेव्हा खातं देताना आधारशी जोडलेलं आहे ना आणि कोड चालू आहे ना, हे बँकेतच विचारून घेतलेलं चांगलं. हजार रुपयांत महिन्याची अंडी, शेंगदाणे आणि दूध येतं, सगळं नाही, पण येतं. आमच्यासारख्या घरात तो पैसा वेगळा राहत नाही, किराणा मालात मिसळून जातो. निदान आईला रोज दोन अंडी माझ्या ताटात वाढायला निमित्त मिळालं.

गोळ्यांच्या साठ्याची धाकधूक होती. २०२४ च्या उन्हाळ्यात टीबीच्या औषधांचा तुटवडा पडल्याच्या, केंद्रानं राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितल्याच्या बातम्या वाचलेल्या होत्या. माझे उपचार सुरू झाले २०२५ मध्ये, तोवर ते निवळलं होतं. तरी एकदा महिन्याऐवजी आठवड्याचीच पाकिटं हातात ठेवली. तेव्हापासून मी पाकीट संपायच्या आठवडाभर आधीच विचारायला लागले. हिशेबनिसाची सवय, शिल्लक बघितल्याशिवाय झोप येत नाही.

तिसऱ्या महिन्यात एक मोठी भीती झाली. बसलेली गाठ अचानक परत सुजली, आधीपेक्षा मोठी. मी आणि आई दोघी रडलो. औषध लागू पडत नाही, आपला टीबी चिवट निघाला, असंच वाटलं. सिव्हिलच्या डॉक्टरांनी तपासलं, सुईनं पू काढला आणि सांगितलं की गाठीच्या टीबीत असं होतं. मेलेल्या जंतूंवर शरीराची प्रतिकारशक्ती तुटून पडते, त्याची ती सूज. औषध चालू ठेवायचं. तरी त्यांनी सॅम्पल पुन्हा तपासायला पाठवलं, नुसत्या धीरावर सोडलं नाही, हे मला आवडलं. गाठ हळूहळू उतरली. हे कुणी आधीच सांगून ठेवलं असतं तर बरं झालं असतं, कारण अशा वेळी माणूस भोंदूबाबापर्यंत पोचतो. आमच्याकडेही एका नातेवाइकानं गाठ 'उतरवणाऱ्या' माणसाचा पत्ता आणला होताच.

वजन ५१ झालं तेव्हा गोळ्या तीनच्या चार झाल्या. वजन वाढल्याचा आनंद आणि गोळी वाढल्याचं दुःख एकाच दिवशी.

ऑगस्टमध्ये औषध संपलं. पोर्टलवर निकाल आला, 'उपचार पूर्ण'. आईला ते पटलं नाही. 'बरी झाली' असं का नाही लिहिलं? पुढं कुणी मागितलं तर काय दाखवायचं? सिस्टरनी समजावलं की 'बरा झाला' हे ज्यांच्या थुंकीत आधी जंतू होते आणि शेवटी नाहीत असं तपासून दिसलं त्यांच्यासाठी असतं. गाठीत तसं शेवटी तपासायला काही उरत नाही, म्हणून उपचार पूर्ण. मानेत अजून वाटाण्याएवढी एक गाठ हाताला लागते. ती तशीच राहू शकते, डॉक्टरांना तिची काळजी वाटत नाही, मलाही आता वाटत नाही. लग्नाच्या बाबतीत मी आईला सांगून टाकलंय की समोरच्यांना आधी सांगायचं. एका घरानं ऐकून फोन करणं बंद केलं. दुसऱ्यांनी विचारलं, कुठल्या डॉक्टरांकडे गेला होता, आमच्या मावशीच्या मानेतही तसलंच काहीतरी आहे. मी त्यांना आरोग्य केंद्राचा पत्ता दिला, आणि टीबीच्या हेल्पलाइनचा नंबरही, १८००-११-६६६६.

औषध संपलं तरी दोन वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवायला जायचं असतं. पहिली तपासणी फेब्रुवारीत, म्हणजे नेमकी नव्या हळदीची आवक सुरू होते तेव्हा. मालकांना आत्ताच सांगून ठेवलंय. त्यांनी कॅलेंडरवर खूण केली आणि विचारलं, अर्धा दिवस चालेल का. चालेल म्हटलं.